गंगूमायचा फुटलेला पेपर

गंगूमाय आमच्या सावळदरीत डोझरवर बसून आली, असं सांगणारे लोक गावात अजून जिवंत आहेत. साफ खोटं आहे. ती अकोल्यापर्यंत आगगाडीनं आली आणि तिथून एसटीनं शेलूबाजारला. पण आमच्या गावाला खरं पचत नाही, म्हणून डोझर चालू आहे.

डोझरचा संबंध एवढाच, की तिचा नवरा राजपाल हिमालयात सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यात डोझर चालवायचा. लुंगचा नावाच्या एका गावाला रस्ता नव्हता. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पायवाट, नाहीतर काहीच नाही. राजपालनं डोंगर फोडत फोडत तिथपर्यंत रस्ता नेला, आणि त्या रस्त्यानं गावातून पहिली जी खाली उतरली ती यांगझोम नावाची ही पोरगी, राजपालच्या शेजारी बसून. तिच्यामागून बाकीचेही उतरले. कोणी शिकायला, कोणी हॉटेलात भांडी घासायला. आता तिथं म्हणे दारोदार कुलपं आहेत. विकास गावात पोचला तेव्हा त्याला पाणी विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

राजपालची आई तुळसाबाई हिनं सून दारात पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"बौद्ध हाय नं पोरगी?"

"हाव माय. पिढ्यान् पिढ्या."

"मंग आपल्याहून जुनी हाय. ये वं, आत ये."

सोयरीक पक्की झाली. यांगझोम हे नाव तुळसाबाईच्या दातात अडकायला लागलं तेव्हा तिनं तिथल्या तिथं सुनेचं नाव गंगू ठेवलं. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की नाव बदलायचा रिवाज आहेच. इथं तर भाषा, हवा, जेवण आणि जनावरंसुद्धा बदलली, मग नावानं काय घोडं मारलं होतं? पहिल्या पौर्णिमेला सगळी वस्ती विहारात मांडी घालून वंदना म्हणत होती, तेव्हा या नव्या सुनेनं तिच्या गावच्या रीतीनं जमिनीवर सपशेल लोटांगण घातलं. तुळसाबाईला वाटलं पोरीला घेरी आली. तिनं कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. गंगूमाय हे सांगताना अजून हसते, आणि कांदा कोणी आणून दिला त्या बाईचं नाव घेऊन शिवीही देते.

एका वर्षात ती वऱ्हाडी बोलायला शिकली आणि दुसऱ्या वर्षी तिच्याशी भांडून जिंकेल अशी बाई गावात उरली नाही. शेलूबाजारच्या बाजारात ती टमाटे विकायला बसली की तिचा चेहरा पाहून कोणी विचारायचं, "बाई, तुमी नेपाळच्या का?" ती म्हणायची, "नाई बावा, तुह्या सासरची." विचारणारा टमाटे न घेताच निघून जायचा.

मी तिचा शेजारी. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे, आणि आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक छातीएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून मी वर्षानुवर्षं एक गोष्ट ऐकत आलो. राजपाल खात्याची नोकरी सोडून शेती करायला लागला होता. संध्याकाळी तो वावरातून घरी आला की ती ओट्यावरून विचारायची, "झोसा?" तिच्या बोलीत त्याचा अर्थ, जेवलास का? आता दुपारी हिनंच बांधून दिलेली भाकर खाऊन आलेल्या माणसाला हे विचारण्यात काय हशील? पण लुंगच्यात माणूस भेटला की राम राम नाही, नमस्कार नाही, हेच विचारतात. राजपाल त्यांच्या बोलीत काहीतरी उत्तर द्यायचा, आणि मग दोघं अर्धा-पाऊण तास त्याच बोलीत गप्पा मारत बसायची. गावात तेवढा एकच माणूस होता जो तिला तिच्या भाषेत उलट उत्तर देऊ शकत होता.

राजपाल गेला. पण प्रश्न काही गेला नाही. संध्याकाळ झाली की ती ओट्यावर त्याच्या रिकाम्या बाजेकडे पाहून विचारायची, "झोसा?" आणि जरा थांबायची. गावात झालं, "बुढी बाजेसंग बोलते." मुलगा संघदीप एसटीत ड्रायव्हर, कारंजा डेपोला, घरी आला तरी झोपायला येतो. सून वैजयंती स्वभावानं चांगली, पण तिला सासूची बोली शिकायला कधी सवड झाली नाही आणि सासूनं कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर गंगूमाय छाती पुढे काढून म्हणायची, "चाळीस वरसं झाले, एक शब्द भुलली नाई मी." हे वाक्य ती जरा जास्तच वेळा म्हणायची. ज्याच्या घरात खरंच भरपूर धान्य असतं तो कणगी वाजवून दाखवत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तर एक दिवस पुण्याहून संघदीपला निरगुडकर मॅडमचा फोन आला. या मॅडम मरायला टेकलेल्या भाषांमधले शब्द एकमेकांशेजारी मांडून त्या भाषांचा इतिहास काढतात. लुंगच्यातून उतरलेले म्हातारे गेले, पोरांनी हिंदी धरली, त्यामुळे लुंगच्याची बोली मेली असं त्यांनी आपल्या पुस्तकात छापूनही टाकलं होतं. मग खालच्या खोऱ्यात कोणीतरी सांगितलं, की एक पोरगी डोझरवाल्याबरोबर महाराष्ट्रात गेली होती. (पाहा, तिकडेही डोझरच.) पुस्तकात मेलेली भाषा वाशीम जिल्ह्यात टमाटे विकत फिरते आहे म्हटल्यावर मॅडमची झोप उडाली.

मॅडमनी एक यादी पाठवली, दोनशे शब्दांची, म्हणजे आजींनी सवडीनं आठवून ठेवावं. आणि सोबत आवाजात एक निरोप, तो फार छान होता. त्यांचं म्हणणं असं, की तिबेटपासून चीन-ब्रह्मदेशापर्यंतच्या शेकडो भाषा एका कुळातल्या आहेत. एका बापाची लेकरं, फार जुन्या काळी वेगळी झालेली. कोण कोणापासून कधी वेगळं झालं ते शब्दांवरून कळतं. पण बाजारातून आलेले शब्द उपयोगाचे नाहीत. साखर, बंदूक, मोटार हे कोणीही कोणाकडूनही घेतं. हात, डोळा, पाणी, राख, मी, तू, बहीण, भाऊ हे शब्द माणूस सहसा उसने घेत नाही. ते घरचेच असतात. दोन भाषांमध्ये हे जुळले, नेमानं जुळले, तर त्या भाऊबंद.

ज्या जिल्ह्यात निम्मी कोर्टं वाटणीच्या खटल्यांवर चालतात, तिथं हे समजायला वेळ लागतो होय? सरपंच दौलतराव ऐकताच म्हणाले, "म्हंजे भाषेचा सातबारा हाय हा! कोन्या भावानं कोन्ती विहीर नेली, कोन्तं वावर नेलं, थे पाह्यलं की वाटणी कधीची थे समजते." मी शाळेत वीस वर्षं शिकवतो आहे, मला एवढ्या कमी शब्दांत कधी काही सांगता आलेलं नाही.

घोळ झाला तो पुढे. संघदीपनं यादी वैजयंतीला पाठवली, वैजयंतीनं बचत गटात टाकली, "हे काय हाय?" म्हणून, आणि तिथून ती अख्ख्या गावाच्या मोबाइलवर गेली. आणि पंजाबरावनं ती पाहिली.

पंजाबराव म्हणजे आमचे परीक्षातज्ज्ञ. कारंज्यात त्यांनी बरीच वर्षं भरतीचा क्लास चालवला. त्यांच्या क्लासातून किती लागले ते विचारू नये, पण परीक्षेविषयी त्यांना विचारल्याशिवाय गावात कोणी शाईचं पेनसुद्धा घेत नाही. त्यांनी यादीवरून एकवार बोट फिरवलं, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले,

"दौलतराव, पेपर फुटला."

"कोन्ता पेपर?"

"बुढीचा! मॅडम येऊन जे इचारनार थे आधीच पाठवून देल्लं. इतकी सोय तं जिंदगीत कोनाले भेटली नाई."

यादी म्हणजे प्रश्नपत्रिका, मॅडम म्हणजे परीक्षक आणि गंगूमाय उमेदवार, हे त्या क्षणी ठरलं. मी सांगायचा प्रयत्न केला की बाबांनो, ही परीक्षा नाही, त्यांना फक्त माहिती पाहिजे. दौलतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी शाळा सोडून आलेलं पोर आहे.

"मास्तर, स्वच्छतेची तपासणी आल्ती तवा तुमी हेच बोलले. 'माहिती पाह्यजे.' आन् त्या सायबानं उठवलं कोनाले? रस्त्यानं जाणाऱ्या मान्साले! इचारलं, हात कवा धुता? तो म्हने, दसऱ्याले. गेलं नं बक्षीस!"

हे खरं होतं. बक्षीस शेजारच्या गावाला गेलं आणि तो घाव अजून ओला होता. त्यामुळे ठरलं, की एकट्या गंगूमायवर विसंबून राहायचं नाही. मॅडमनी वाटेत कोणालाही थांबवून विचारलं, "डोळ्याला लुंगच्याच्या बोलीत काय म्हणतात?" तर त्याला आलं पाहिजे. सगळ्या गावाची तयारी करायची. फक्त पंजाबरावला एक शंका राहिली होती.

"थे कुळ काय म्हनलं मॅडमनं? चिनी-तिबेटी? म्हंजे बुढी चीनची हाय का?"

गंगूमाय तिथंच होती. म्हणाली, "तुह्या हातातला मोबाइल माह्यापेक्षा जास्त चिनी हाय. त्याले टाक आंधी उकिरड्यावर."

तयारी विहारात सुरू झाली, कारण माइक तिथंच चांगला आहे. दौलतराव निवडणुकीखेरीज आमच्या वस्तीत पाऊल ठेवत नसत. आता रोज संध्याकाळी पहिल्या रांगेत. त्यांच्या आळीतल्या बायका, ज्यांनी विहार आतून कधी पाहिला नव्हता, त्या सतरंजीवर वैजयंतीच्या मांडीला मांडी लावून बसल्या. एकोप्यासाठी जे कोणत्याही योजनेला जमलं नाही ते पेपर फुटल्यानं जमलं. पाढे म्हणवून घ्यायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

गंगूमाय माइकवर म्हणायची, "डोळा. मिक." सगळे म्हणायचे, "मिक!" "पानी. सोती." "सोती!" "आग. मे." "मे!" उवेचा शब्द यादीत आला तेव्हा सभा थांबली. पुण्याची बाई एवढी शिकून उवा विचारते, हे कोणाला पटेना. मॅडमनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, ऊ फार महत्त्वाची आहे. माणूस देश बदलतो, देव बदलतो, पण ऊ बरोबर घेऊन जातो, आणि तिचं नावही. "हे खरं हाय," दौलतरावांच्या सौभाग्यवती म्हणाल्या आणि सगळ्यांनी "श्रिक!" असा एका सुरात गजर केला.

पहिले दोन दिवस गंगूमाय नुसती चिडचिड करत होती. एकाचीही जीभ नीट वळत नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी पाहत होतो, ती वेळेआधीच येऊन बसायला लागली. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल. नळावर दोन बायकांचं भांडण लागलं आणि एकीनं दुसरीला "खुई" म्हणजे कुत्री म्हटलं, तर गंगूमाय मध्ये पडली आणि भांडण सोडवायच्या ऐवजी उच्चार दुरुस्त करून आली. राजपाल गेल्यापासून तिला इतक्या खुशीत मी पाहिलं नव्हतं. वेडीच झाली होती म्हणा ना. चाळीस वर्षं गावाला तिची भाषा म्हणजे बुढीची बडबड होती. आता गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं.

आणि मग ती अडली.

गुडघा. नाही आठवला. ढग. नाही. पिवळा. ती म्हणाली, थांबा, येतो आता. राख आठवायला तिला एक दिवस लागला, पण आठवली. 'धाकटी बहीण' या शब्दावर मात्र ती माइक हातात धरून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. तिला सख्खी धाकटी बहीण होती. लुंगचा सोडताना ती रस्त्यापर्यंत मागे धावत आली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. त्या पोरीला रोज ज्या शब्दानं हाक मारली तो शब्द तोंडातून निघून गेला होता. "गर्मी होऊन राह्यली," असं म्हणून ती खाली बसली. त्या दिवशी मला माझ्या गावाचा, माझा आणि त्या यादीचा सगळ्यांचाच राग आला.

पंजाबरावला राग वगैरे आला नाही. त्यांच्या क्लासचं पहिलं तत्त्व होतं, रिकामी जागा सोडायची नाही. काहीतरी लिहून या, एखादा मार्क पडतोच. त्यांनी सगळं गाव पांगल्यावर, दौलतरावांच्या आणि माझ्यादेखत, गंगूमायला समजावलं, की मॅडमला तरी कुठं येते ही भाषा? त्यांनी स्वतःच बसून गेलेले शब्द तयार केले. त्यांच्या मते अशा भाषेत प्रत्येक शब्दाच्या शेवटी घंटा वाजली पाहिजे. गुडघा झाला 'टोंगडुंग'. ढग 'फुंगलांग'. धाकटी बहीण 'किंडुंग'. गंगूमायनं ते चालू दिलं. नाही म्हणाली असती तर "एक शब्द भुलली नाई" हे वाक्य गावासमोर खोटं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी गावानं "किंडुंग!" असं तितक्याच उत्साहानं म्हटलं, आणि ती माइकवर न येता भिंतीशी बसून राहिली.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, सभ्य बाई. वेशीवर त्यांनी गाडीची काच खाली करून गंगूबाईंचं घर विचारलं, तर गुरं घेऊन चाललेल्या माणसानं घर दाखवायच्या आधी "मिक, ना, सोती, मे" असं डोळा-नाक-पाणी-आग सगळं ऐकवलं. मॅडमना वाटलं असावं, उन्हाचा परिणाम आहे. पण पुढे पानटपरीवर तेच, पिठाच्या गिरणीवर तेच. ओट्यावर चहा घेऊन आलेली वैजयंती म्हणाली, "घ्या मॅडम, मे-सोती." आग-पाणी म्हणजे चहा, हा तिचा स्वतःचा शोध होता. मॅडमनी कप खाली ठेवला.

"ही भाषा या गावात किती लोक बोलतात?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"शंभर टक्के," दौलतराव म्हणाले. तपासणीत हाच आकडा सांगायचा असतो.

मी मॅडमना बाजूला घेऊन पेपरफुटीची हकीकत सांगितली, म्हणजे गाव कसं तयार झालं ते. गेलेल्या शब्दांचं मी बोललो नाही. ते गंगूमायचं होतं. मॅडम आधी कपाळाला हात लावून बसल्या आणि मग हसल्या. म्हणाल्या, बाकी सगळ्यांना बाहेर ठेवा, मी फक्त आजींचं ध्वनिमुद्रण घेते. बाहेर ठेवा म्हणजे ओट्यावर. खिडकीत दौलतराव, दारात पंजाबराव, भिंतीवर मी.

यादी सुरू झाली. गंगूमाय सांगत गेली, मॅडम मान डोलावत गेल्या. मिक. खालच्या खोऱ्यातही मिक. सुंदर. श्रिक. तिकडेही श्रिक. मग गुडघा आला. गंगूमायनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून दौलतरावांनी मान डोलावली. ती म्हणाली, "टोंगडुंग."

मॅडमचं पेन थांबलं. "पुन्हा म्हणा?"

पुन्हा म्हटलं. मग ढग. मग पिवळा. मॅडमच्या चेहऱ्यावर लाली चढायला लागली. 'किंडुंग' ऐकल्यावर तर त्या उठून उभ्याच राहिल्या.

"आजी, तुम्हाला कल्पना नाही हे काय आहे! धाकट्या बहिणीचा शब्द कोणी उसना घेत नाही. खालच्या खोऱ्यातल्या एकाही भाषेत असं काही नाही. याचा अर्थ तुमचे पूर्वज त्या खोऱ्यातून वर गेलेच नाहीत. ते वेगळ्याच वाटेनं, पूर्वेकडून आले असणार. हे बाकीचे मिक आणि सोती शेजाऱ्यांकडून नंतर घेतलेले! माझ्याविरुद्ध लिहिणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आता तोंड लपवायला जागा राहणार नाही."

पंजाबरावच्या क्लासातून कोणी लागलं नाही असं म्हणतात, ते चूक आहे. त्यांनी एकाच दुपारी एका अख्ख्या जमातीला पूर्वेकडून हिमालयात आणलं. ते दारात उभे राहून मिशीवरून हात फिरवत होते. दौलतराव हळूच म्हणाले, "पेपरात येईन. गावाचं नाव येईन."

गंगूमायनं विचारलं, "म्हंजे कसं वं बाई? खालच्या खोऱ्यातले आमचे कोनी नोहोत?"

"शब्द तरी तसंच सांगतात आजी. कुळ वेगळं."

"माही माय खालच्या खोऱ्यातली व्हती."

मॅडम गडबडल्या. "लग्नं होतात ना, पण भाषा..."

"माय माह्यासंग जे बोलली थे मी बोलतो. तुमी माह्या मायले माह्यापासून वायली काढून राह्यल्या?"

खिडकीतून दौलतराव हातानं खुणा करत होते, राहू दे, राहू दे. गंगूमायनं ते पाहिलं. चाळीस वर्षं कोणासमोर मान खाली न घातलेली बाई, तिनं पदर ओढून तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"थे किंडुंग माह्यं नोहोय. थे या पंजाबच्या बापाचं हाय. ढग बी त्याचाच, टोंगडुंग बी त्याचंच. मी भुलली. लोकाइले सांगो मी, एक शब्द भुलली नाई. खोटं व्हतं. मालक गेल्यावर बोलाले कोनी नाई राह्यलं, त एक एक शब्द पडत गेला. धाकट्या बहिनीले काय म्हनो, थे बी पडलं. लिहा. भुलली, असं लिहा."

पंजाबराव दारातून केव्हा गेले ते कोणी पाहिलं नाही. दौलतराव चपला शोधायला लागले. मॅडम खाली बसल्या. त्यांची पूर्व दिशा गेली होती, ते विरुद्ध लिहिणारे गृहस्थ सुटले होते, आणि हे त्यांना लागलं होतं. तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी सगळ्या पूर्वेकडच्या शब्दांवर काट मारली. मग पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "आजी, खालच्या खोऱ्यातल्या एका बाईंचं बोलणं माझ्याकडे आहे. ऐकता?"

एक थकलेला, खरखरीत बायकी आवाज लागला. मागे वारा वाहत होता. ती बाई एकेक शब्द सांगत होती, हळूहळू. बहिणीचा शब्द आला तेव्हा मॅडमनी तो पुन्हा लावला.

"नोमो."

गंगूमाय मोबाइलच्या जवळ सरकली. मॅडमनी तिसऱ्यांदा लावला. मग ती म्हणाली, "नोमो." आणि लगेच मोठ्यानं, अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीला हाक मारावी तशी, "नोमोऽऽ!" गोठ्यातली शेळी दचकून उभी राहिली. गंगूमाय त्या मोबाइलवर वाकून आपल्या बोलीत भराभर काहीतरी विचारायला लागली. ते तर ध्वनिमुद्रण होतं. त्यातली बाई शांतपणे पुढचा शब्द सांगून मोकळी झाली.

"बाई, तुमी द्या नं उत्तर," गंगूमाय मॅडमला म्हणाली. "तुमाले तं येते सगळं."

मॅडमनी मान हलवली. "मला यातल्या चाळीस भाषांचे शब्द माहीत आहेत आजी. बोलता एकही येत नाही." हे त्या इतक्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, की मला त्यांचा राग येईना.

जाताना मॅडम म्हणाल्या, आता जुळतंय सगळं, बहीणसुद्धा. तुमचं गाव आणि खालचं खोरं एकाच घरचं. गंगूमाय म्हणाली, "थे मले कवाचं मालूम व्हतं." गाडी शेलूबाजारच्या रस्त्याला लागली. गाव पेपरात येणार नाही हे एव्हाना सगळीकडे झालं होतं, आणि विहारातली सतरंजी गुंडाळूनही ठेवली होती. दौलतरावांच्या आळीतल्या बायका परत त्यांच्या आळीत गेल्या. तपासणी संपली की आमच्याकडे संडासातसुद्धा कडबा भरतात, तिथं लुंगच्याच्या बोलीचं कोण काय ठेवून घेणार, असं मी मनात म्हणत भिंतीशी चहा पीत बसलो.

दिवस कलला. गंगूमाय ओट्यावर येऊन बसली. आज ती विचारणार नाही असं मला वाटलं होतं. तिनं बाजेकडे पाहिलं आणि नेहमीसारखं, पण फार हळू विचारलं,

"झोसा?"

आणि नेहमीसारखी जरा थांबली.

घरात वैजयंती भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग आतून, पाढे म्हणताना काढतात तशा सुरात, एकेक शब्द सुटा सुटा आला,

"ग्ये... झा... मा. हान... झा... मा. न्यि... झा."

मी जेवण नाही. तू जेवण नाही. दोन जेवण, म्हणजे दोघी मिळून जेवू. फुटलेल्या पेपरातले शब्द होते, जसे आठवले तसे एकापुढे एक ठेवलेले.

गंगूमाय ताडकन उठली. "असं बोलते का कोनी, भवाने! 'मा' आंधी येते, आंधी! म्हन!"

वैजयंतीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकली. गंगूमाय आत गेली, चुलीपाशी बसली आणि परत पहिल्यापासून विचारलं, झोसा? परत उत्तर आलं, आता थोडं बरं. परत विचारलं. तव्यावरची भाकर जळत असल्याचा वास भिंत ओलांडून माझ्या अंगणापर्यंत आला, तरी दोघींपैकी कोणी ती उलटली नाही.